वेबसाइटवरचं नवं काही चुकू नये म्हणून: फीड वापरायला सुरुवात कशी करायची

आमची वाडी दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि सुपारीची बाग एका दुपारीत आडवी झाली. पुढे नव्याने लागवड करत होतो तेव्हा एका अनुदानाच्या अर्जाची सूचना एका कार्यालयाच्या वेबसाइटवर लागली. अठरा दिवस ती तिथे होती. माझ्यापर्यंत पोचली ती व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणीतरी फॉरवर्ड केलेला फोटो म्हणून, आणि तेव्हा शेवटची तारीख उलटून दोन दिवस झाले होते. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "वेबसाइटवर टाकलं होतं ना."

टाकलं होतं हे खरंच. पण रोज सकाळी उठून दहा वेबसाइटी उघडून बघणारं कोण असतं?

नंतर कळलं की त्या वेबसाइटला पहिल्या दिवसापासून फीड होतं. फोनमध्ये ते एकदा जोडलं असतं, तर सूचना लागली त्याच दिवशी मला दिसली असती. म्हणून हा लेख. यात सांगितलेलं सगळं साध्या अँड्रॉइड फोनवर, पैसे न देता होतं. अर्धा तास लागेल. घरात रेंज नसेल तर गडग्यापाशी, म्हणजे वाडीच्या दगडी कुंपणापाशी, जाऊन करा, मीही तिथेच केलं.

फीड म्हणजे नेमकं काय

बहुतेक वेबसाइटी आपल्या नेहमीच्या पानांबरोबर आणखी एक छोटी फाइल ठेवतात. ती माणसांनी वाचायची नसते, अ‍ॅपने वाचायची असते. नवं काही प्रसिद्ध झालं की त्याची नोंद या फाइलमध्ये सगळ्यात वर येते. प्रत्येक नोंदीत मथळा, मूळ पानाची लिंक, तारीख-वेळ, थोडा सारांश किंवा अख्खा मजकूर, आणि त्या नोंदीची एक कायमची खूण असते. या खुणेवरूनच अ‍ॅपला कळतं की ही नोंद तुम्ही आधी पाहिली आहे की नाही.

एकदा ही फाइल ब्राउझरमध्ये उघडून बघाच. कोनी कंसांत बसवलेले इंग्रजी शब्द दिसतील: आधी 'चॅनेल', मग ओळीने 'आयटम', 'टायटल', 'लिंक', 'पबडेट'. बिघडलेलं पान वाटतं आणि लोक घाबरून बंद करतात. ते बिघडलेलं नाही. असं पान दिसलं तर फीड सापडलं म्हणून खूश व्हा आणि वरचा पत्ता कॉपी करा.

या फाइली वाचणाऱ्या अ‍ॅपला फीड रीडर म्हणतात. तो ठरावीक वेळाने तुमच्या सगळ्या वेबसाइटींच्या फाइली तपासतो आणि नवं असेल ते तारखेच्या क्रमाने लावून ठेवतो. त्या वेबसाइटींना तुम्ही नाव-नंबर देत नाही, आणि तुम्हाला काय दाखवायचं हे मधे बसून ठरवणारंही कुणी नसतं. समाजमाध्यमांवर एखादं पान फॉलो केलं तरी त्याची प्रत्येक पोस्ट दिसेलच असं नाही. फीडमध्ये टाकलेलं सगळं येतं, टाकलं त्या क्रमाने येतं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

ही पद्धत जुनी आणि मुरलेली आहे. फीडची फाइल कशी लिहायची याच्या एका ठरलेल्या नमुन्याला 'आरएसएस' म्हणतात. नेटस्केप कंपनीत मार्च १९९९ मध्ये त्याची पहिली आवृत्ती तयार झाली. ती घडवणाऱ्यांत रामनाथन गुहा होते, आयआयटी मद्रासमधून शिकलेले. आज सर्रास चालते ती आरएसएस २.० ही आवृत्ती २००२ ची. 'अ‍ॅटम' नावाचा तिचा भाऊबंद २००५ मध्ये प्रमाणित झाला. आरएसएस की अ‍ॅटम याची काळजी वाचणाऱ्याने करायची नाही, कुठलाही रीडर दोन्ही वाचतो. तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल तर नकळत आरएसएस वापरतच आहात. नवा भाग अ‍ॅपमध्ये येतो तो त्याच वाटेने.

रीडर कुठला घ्यायचा

रीडर दोन जातींचे. आपल्याकडच्या रेंजचा विचार केला तर त्यांच्यातला फरक समजून घ्यायलाच हवा.

पहिली जात फोनमध्येच सगळं करणारी. अँड्रॉइडवर 'फीडर' नावाचं मोफत, खुल्या सोर्सचं (ज्याचा कोड कुणालाही बघता येतो असं) अ‍ॅप आहे. आयफोन आणि मॅकवर 'नेटन्यूजवायर' आहे, तेही मोफत. संगणकावर मेलसाठी 'थंडरबर्ड' वापरत असाल तर त्यातच फीडची सोय आहे. या जातीत खातं उघडावं लागत नाही आणि तुम्ही काय वाचता ते तुमच्या फोनबाहेर जात नाही.

दुसरी जात खात्यावर चालणारी: 'फीडली', 'इनोरीडर' वगैरे. इथे फाइली तपासण्याचं काम त्यांचा सर्व्हर, म्हणजे कायम चालू असणारा त्यांचा संगणक, करतो, तुमचा फोन फक्त तिथून यादी उचलतो. मोफत खात्यात किती वेबसाइटी जोडता येतील यावर मर्यादा असते, पण घरगुती वापराला ती भरपूर होते.

आता मुद्दा असा की फीडच्या फाइलीत सगळा इतिहास नसतो. वर्डप्रेस या वेबसाइटी बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या वेबसाइटीच्या फीडमध्ये सहसा फक्त शेवटच्या दहा नोंदी असतात. अकरावी आली की सगळ्यात जुनी बाहेर पडते. निसर्ग वादळानंतर आमच्याकडे वीज आणि रेंज कित्येक दिवस नव्हती. अशा वेळी फोनमधला रीडर काहीच तपासू शकत नाही. दिवसाला पन्नास बातम्या टाकणाऱ्या वेबसाइटीच्या मधल्या सगळ्या नोंदी तोवर फाइलीतून निघून गेलेल्या असतात, रेंज आल्यावर हाती लागतात त्या शेवटच्याच. सर्व्हरवाला रीडर मात्र तुम्ही अंधारात असतानाही तिकडे नोंदी गोळा करत राहतो.

माझं मत असं: महिन्याला चार-पाच गोष्टी टाकणाऱ्या वेबसाइटी, म्हणजे कार्यालयं, संस्था, आवडते लेखक, यांच्यासाठी फोनमधला रीडर उत्तम. वर्तमानपत्रांची फीडं हवीच असतील तर खात्यावरचा घ्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याने फीडर अ‍ॅपच घ्यावं. पुढे बदलावंसं वाटलं तर यादी उचलून दुसरीकडे नेता येते, ते खाली सांगतेच.

पहिलं फीड जोडताना

शेजारच्या तात्यांच्या फोनवर मी हे गेल्या पावसाळ्यात करून दिलं. तेच टप्प्याटप्प्याने सांगते.

प्ले स्टोअरवरून फीडर उतरवून घ्या. याच नावाशी मिळतीजुळती अ‍ॅप्स बरीच आहेत. लॉगिन मागायला लागलं तर तुम्ही चुकीचं उतरवलंत, काढून टाका. अ‍ॅप उघडल्यावर वर कोपऱ्यात तीन ठिपके दिसतील. तिथे 'फीड जोडा' अशा अर्थाचा पर्याय आहे, तो दाबा.

आता हव्या त्या वेबसाइटीचा पत्ता लागेल. ब्राउझरमध्ये ती वेबसाइट उघडा, वरच्या पट्टीतला पत्ता लांब दाबून कॉपी करा आणि अ‍ॅपमध्ये येऊन चिकटवा. फीडचा नेमका पत्ता माहीत असायची गरज नाही. मुखपृष्ठाचा पत्ता दिला तरी अ‍ॅप तिथे जाऊन फीड आहे का ते स्वतः हुडकतं. सापडलं की खाली नाव येतं. एकाहून जास्त नावं आली तर वाचकांच्या प्रतिक्रियांचं फीड टाळा, मुख्य घ्या.

नावावर दाबलं की शेवटचं पान येतं. इथे घाई करू नका. मथळ्याच्या जागी स्वतःला कळेल असं मराठी नाव लिहा. तात्यांनी एका संस्थेचं लांबलचक इंग्रजी नाव पुसून 'कलमांची माहिती' एवढंच लिहिलं. खाली टॅगची जागा आहे, तिथे गटाचं नाव द्या. 'नव्या नोंदीची सूचना द्या' हा पर्याय फक्त दोन-तीन अगदी महत्त्वाच्या फीडांना चालू ठेवा. सगळ्यांना चालू केलात तर फोन दिवसभर टिंगटिंग करेल आणि आठवड्यात वैतागून अ‍ॅप काढाल. 'पूर्ण लेख आधीच उतरवून ठेवा' असाही एक पर्याय आहे. नुसता सारांश देणाऱ्या वेबसाइटींसाठी तो जरूर चालू करा, म्हणजे रेंज असताना अख्खा लेख फोनमध्ये येतो आणि नसताना वाचता येतो.

जतन करा. झालं.

तात्यांनी यादी वर-खाली करून पाहिली आणि विचारलं, "अगो, म्हणजे आता ते पान रोज उघडायला नको ना?" नको, तात्या.

एक अडचण हमखास येते. दोन दिवसांनी फोन येतो की नवं काही येतच नाही. बहुतेक वेळा दोष अ‍ॅपचा नसतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोनच अ‍ॅपला मागच्या मागे झोपवतो. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, त्यात फीडर, त्यात बॅटरी असं जा आणि तिथलं बंधन काढा. तात्यांच्या फोनवर हेच निघालं.

फीड लपलेलं असेल तर

एके काळी पानापानावर फीडची नारिंगी खूण असायची: कोपऱ्यात एक ठिपका आणि त्यावर दोन कमानी. आता ती क्वचित दिसते, पण खूण गेली म्हणून फीड गेलं असं नाही. अ‍ॅपला सापडलं नाही तर हाताने शोधायच्या काही वाटा आहेत.

वर्डप्रेसवर चालणाऱ्या वेबसाइटी अगणित आहेत. तिथे मूळ पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन इंग्रजीत 'फीड' लिहा, एकवचनी, लहान अक्षरांत: एफ, डबल ई, डी. माझ्या त्या अनुदानवाल्या वेबसाइटीचं फीड अगदी असंच निघालं. एखाद्याच विषयाच्या नोंदी हव्या असतील तर त्या विषयाचं पान उघडून त्याच्या पत्त्यापुढे हाच शब्द जोडा. सगळी वेबसाइट न घेता फक्त 'सूचना' हा विभाग घेण्याची ही नामी युक्ती आहे.

ब्लॉगर या ब्लॉगच्या सेवेवर स्लॅश देऊन तीन शब्द लिहायचे, फीड्स, पोस्ट्स, डिफॉल्ट, प्रत्येकाच्या मधे स्लॅश. सबस्टॅक या बातमीपत्रांच्या सेवेवर वर्डप्रेससारखंच.

यूट्यूबचंही फीड असतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. चॅनेलचा पत्ता चिकटवला की बरेच रीडर ते आपोआप ओळखतात. नाही ओळखलं तर चॅनेलच्या माहितीच्या पानावर शेअरचं बटण दाबून चॅनेल आयडी कॉपी करा, तो इंग्रजी यूसी या अक्षरांनी सुरू होतो. मग पत्ता असा बनवा: यूट्यूब डॉट कॉम, स्लॅश, फीड्स, स्लॅश, व्हिडिओज डॉट एक्सएमएल, प्रश्नचिन्ह, चॅनेल, अंडरस्कोर, आयडी, बरोबरचं चिन्ह, आणि लगेच तो आयडी, मधे जागा न सोडता. एकदा जमलं की यूट्यूब न उघडता नवे व्हिडिओ कळतात, आणि एक बघायला जाऊन तासभर तिथेच अडकणं टळतं.

मराठी विकिपीडियाच्या कुठल्याही लेखाच्या इतिहासाच्या पानाला अ‍ॅटम फीड असतं. आपल्या गावावरच्या लेखात कुणी काही बदललं की लगेच कळतं. मी आमच्या तालुक्यातल्या तीन गावांची लावून ठेवली आहेत. एकदा लोकसंख्येचा आकडा भलताच झालेला दिसला, त्याच दिवशी दुरुस्त केला.

संगणकावर ब्राउझरमधून शोधायचं असेल तर पानावर माउसचं उजवं बटण दाबून सोर्स, म्हणजे पानाचा मूळ कोड, उघडा आणि आरएसएस ही अक्षरं हुडका. फीड जाहीर केलेलं असेल तर त्याच ओळीत त्याचा पत्ता सापडतो.

वेबसाइट एक नसून विषयच हवा असेल तर गूगल अलर्ट्स वापरा. शब्द लिहा, पर्याय उघडा आणि अलर्ट कुठे पाठवायचा या जागी मेलऐवजी आरएसएस फीड निवडा. अलर्ट तयार झाला की त्याच्या शेजारी फीडची खूण येते, तिचा पत्ता रीडरमध्ये टाका. माझ्याकडे 'कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रक' असा एक आहे, कारण मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना खेड स्टेशनवरून आणावं लागतं. हर्णैला आमच्या ओळखीत एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, आहेत, त्यांच्यासाठी 'मासेमारी बंदी' लावून दिला. बंदी १ जून ते ३१ जुलै असते हे त्यांना मी सांगायची गरज नाही. त्यांना हव्या असतात त्या सवलती, डिझेलचा परतावा, नवे नियम अशा बातम्या.

सुरुवातीला काय जोडावं

सातच जोडा. पहिल्या दिवशी साठ जोडणारा माणूस पंधरा दिवसांत सोडून देतो, हे मी तीन घरांत पाहिलं आहे.

भारत सरकारचं पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, फीड देतं. रिझर्व्ह बँक आपल्या पत्रकांची आणि परिपत्रकांची फीडं देते, सहकारी पतसंस्थेत काम करणाऱ्यांनी ती घ्यावीत. बीबीसी मराठीचं फीड आहे. बाकीची तुमच्या कामाची असावीत. तालुक्याचं, जिल्ह्याचं, शाळेचं, विद्यापीठाचं जे संकेतस्थळ तुम्ही वर्षातून दोनदा धास्तीने उघडता, ते आधी तपासा. दापोलीत १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, तरी तिथली नवी माहिती आम्हा बागायतदारांपर्यंत बहुतेक वेळा ऐकीव येते. अशा प्रत्येक संस्थेचं पान अ‍ॅपला एकदा दाखवून बघावं. फीड निघालं तर लाभ, नाही निघालं तर दोन मिनिटं गेली.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' या संकेतस्थळावरचे इशारेही फीडमधून मिळतात. ते जरूर जोडा, पण इथे कळकळीने सांगते: वादळाच्या दिवसांत फीडवर विसंबू नका. रीडर तासाने, तीन तासांनी, तुम्ही ठरवाल तेव्हा तपासतो. तो भोंगा नव्हे. धोक्याचा बावटा लागला की नाही हे बंदरावरून, रेडिओवरून आणि तलाठ्याकडूनच समजून घ्यायचं.

माझे गट तीन आहेत: 'रोज', 'रविवारी' आणि 'बागेचं'. 'रोज'मध्ये पाचाच्या वर फीडं जाऊ देत नाही. आठ दिवस वाचायला झालं नाही तर 'सगळं वाचलं' हे बटण दाबते आणि पुन्हा सुरू करते. न वाचलेल्यांचा आकडा म्हणजे देणं नव्हे.

रेंज कमी असेल तेव्हा

खरं तर आपल्यासारख्या भागासाठीच ही पद्धत केली असावी असं वाटतं. फीडची फाइल बहुतांशी नुसता मजकूर असते, जाहिराती आणि हलती चित्रं तिच्यात येत नाहीत. शिवाय नीट बनवलेला रीडर सर्व्हरला आधी विचारतो की मागच्या वेळेनंतर काही बदललं का. बदललं नसेल तर सर्व्हर फक्त ३०४ हा आकडा उत्तर म्हणून पाठवतो आणि फाइल पाठवतच नाही. म्हणजे पन्नास फीडं तपासूनही डेटा नाममात्र जातो.

फीडरच्या सेटिंगमध्ये तपासणीची वेळ सहा तासांवर ठेवा, आणि चित्रं फक्त वाय-फायवर उतरवायचा पर्याय चालू करा. आमच्या घरात रेंज नाही, पण संध्याकाळी गडग्यापाशी दोन दांड्या येतात. मी तिथे उभी राहून यादी एकदा खाली ओढते, तपासणी होते, आणि मग रात्री वीज गेली तरी माजघरात बसून निवांत वाचते.

यादीची प्रत आणि बंद पडलेली फीडं

गूगलचा स्वतःचा 'गूगल रीडर' होता, २००५ मध्ये सुरू झालेला आणि जगभर वापरला जाणारा. १ जुलै २०१३ ला त्यांनी तो बंद केला. ज्यांनी आपली यादी उतरवून घेतली होती ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रीडरमध्ये वाचायला बसले. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी अ‍ॅपच्या मेनूतून यादी निर्यात करा. तिचा नमुना 'ओपीएमएल' नावाचा असतो आणि जवळपास प्रत्येक रीडर तो घेतो. ती छोटी फाइल स्वतःला मेल करून ठेवा. फोन पाण्यात पडला तरी पाच मिनिटांत सगळं परत येतं. आणि फोन पाण्यात पडतातच.

एखादं फीड महिनाभर गप्प असेल तर आधी वेबसाइट उघडून बघा. तिथे नवं असेल आणि फीडमध्ये नसेल, तर बहुधा वेबसाइट नव्याने बांधली गेली आहे आणि फीडचा पत्ता बदलला आहे. जुनं काढा, मुखपृष्ठ देऊन पुन्हा शोधा. वेबसाइटीला फीडच नाही पण मेलवर बातमीपत्र मिळतं, असं असेल तर 'किल द न्यूजलेटर' नावाची मोफत सेवा आहे. ती एक मेल पत्ता आणि एक फीड देते. बातमीपत्रासाठी तो मेल पत्ता द्यायचा, अंक फीडमध्ये येतात. बँकेच्या किंवा खाजगी मेलसाठी मात्र हा पत्ता कधीही वापरू नका.

यातलं काहीच जमलं नाही तर वेबसाइट चालवणाऱ्यांना दोन ओळी लिहा. मी एका वाचनालयाला लिहिलं होतं. फीड बंद होतं हे त्यांनाच ठाऊक नव्हतं, आठवड्यात सुरू केलं.

आणि तुमची स्वतःची वेबसाइट असेल तर तिच्याकडेही बघा. आमच्या किनाऱ्यावर घरगुती राहण्याची सोय करणारी कितीतरी घरं आहेत. आंजर्ल्याला, वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, आणि घरटी कधी फुटणार हे विचारायला त्यांचे फोन पहाटेपासून वाजत असतात. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'रीडिंग' या पानावर फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यायचा की सारांश, असा पर्याय आहे. पूर्ण मजकूर निवडा. मग घरट्यांची बातमी स्वतंत्र विभागात टाकत चला, आणि त्या विभागाच्या फीडचा पत्ता आपल्या पानावर, फोन नंबरच्या शेजारी, नारिंगी खुणेसकट लावून ठेवा.